एकतीस मिलिमीटर

गिरणी पाच दिवस बंद.
वाफ गेली की इमारत लगेच म्हातारी दिसते.
बाहेर क्युमी नदी गोठलेली, उणे बावीस,
आत माझी तिवई, तिच्यावर स्कॅनर,
स्वतःभोवती सावकाश फिरणारा,
भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसासारखा.

सेकंदाला दहा लाख ठिपके.
प्रत्येक ठिपका म्हणजे जाऊन परत आलेला उजेड:
इथे भिंत आहे, इथे आहे, इथे, इथे.
‘साधारण’ असं तो कधी म्हणत नाही.

नकाशा चौऱ्याहत्तर सालचा.
त्यात खांब ओळंब्यात, नळ्या सुतासारख्या सरळ,
कोपऱ्यांवरून गुण्या तपासून घ्यावा.
काढणारा इथे आला असेल
तर खांब उभे राहण्याआधी.
खरा खांब एकोणीस मिलिमीटर नदीकडे झुकलाय.

चकचकीत पोलादावर उजेड ठरत नाही,
म्हणून फ्लँजला पांढरी भुकटी फासली.
फरशीवरच्या डबक्याने तर कमालच केली:
ठिपक्यांत जमिनीखाली आणखी एक गिरणी उगवली,
उलटी, तंतोतंत.
ती मी पुसली. पुसताना जरा वाईट वाटलं;
तिच्यात काहीच गळत नव्हतं.

वेइयो हार्युला, चौतीस वर्षं इथला फिटर.
“मी नळी चार बोटं लांबच कापतो,” म्हणाला,
“मग इथे आणून तिची समजूत काढतो.”
समजूत म्हणजे पहार, जॅक, शिव्या
आणि पहाटे तीन वाजता वेल्डिंग.
या वेळी नाही लागणार, मी म्हटलं,
दोन मिलिमीटरच्या आत बसेल.
तो गप्प.
इथे गप्प बसणं हेही उत्तर असतं,
कोणतं ते कळायला कॉफीचे दोन कप जावे लागतात.

दुसऱ्या कपानंतर:
“तू तिला झोपेत मोजलंस.”
कुणाला?
पहारीने त्याने वर दाखवलं. डायजेस्टर,
लाकूड शिजवून लगदा करणारा बावीस मीटरचा रांजण.
“वाफ पोटात गेली की ही आळस देते.
तुझी नळी तिच्या खांद्याला बांधलेली.”

तापलं की पोलाद वाढतं, हे मला ठाऊक होतं.
पण किती, तो आकडा मी घाईत उचलला होता
त्याच चौऱ्याहत्तरच्या नकाशातून.
तिथे लिहिलं होतं: बारा.

“बारा?” त्याने अंगठ्याचं पेर दाखवलं,
वर थोडी हवा.
“पटत नसेल तर कठड्यावर बघ.”

रात्री खोलीवर ठिपके पुन्हा उघडले.
चौथ्या मजल्याचा कठडा, तिच्या अंगाला लागून,
आणि त्यावर रंग उडालेली एक उभी रेघ,
सुरुवात स्वच्छ, शेवट स्वच्छ.
धूळ समजून मी पुढे गेले होते.
उजेड तिला भेटून आला होता,
आणलेलं सगळं माझ्यासमोर ठेवलं होतं त्याने.
मोजली. एकतीस.
प्रत्येक बंदनंतर उठताना
ती तिथेच घासत आली होती.

नळीला मी एक वळण जादा दिलं.
वर्कशॉपमधल्या रौनीने फोन केला:
ही चूक आहे का?
नाही, म्हटलं, आळोखेपिळोख्यांना जागा.

बसवली तेव्हा सोळा बोल्ट, सोळाही बोटांनी फिरले.
पहार भिंतीला टेकून उभी.
शेवटच्या बोल्टपर्यंत वेइयो वाट बघत होता
काहीतरी अडेल म्हणून.
थोडा हिरमुसला असावा.

मग वाफ सोडली.
आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर, कठड्यापाशी.
बराच वेळ काही नाही.
नंतर नखाने पत्रा खरवडावा तसा बारीक आवाज,
आणि रेघेच्या तळाशी
रंगाचा एक ताजा कण सुटून खाली पडला.

वेइयोने घड्याळ पाहिलं.
“उशीर केलास,” म्हणाला.
तिला की मला,
विचारलं नाही.